टाकारणीची पहिली मूठ

ही फार मागची गोष्ट. आपल्या गावात तेव्हा पिठाची गिरणी नव्हती. घरोघरी पहाटे जातं फिरायचं आणि जात्यावर बायका ओव्या म्हणायच्या. जातं झिजलं की त्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून खडबडीत करायला, धुरपा टाकारीण यायची. टाकी लावून झाली की घरच्या बाईनं पहिली मूठ दळायची, दळताना एक ओवी म्हणायची आणि मगच टाकारणीनं आपल्या मजुरीचं सुपातलं धान्य उचलायचं. अशी रीत होती.

नदीकडच्या आळीला हैबती नावाचा माणूस राहायचा. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ. त्याच्या बायकोचं नाव भिवरा. तिचा गळा इतका गोड होता की पहाटे रानात निघालेली माणसं त्याच्या कुडाशी घटकाभर थबकत, असं म्हणतात.

हैबती अंथरुणात पडून ते थबकलेले पाय ऐकायचा, आणि त्याच्या छातीत काहीतरी जळायला लागायचं. ही माझी बायको, मग हिचा आवाज त्यांच्या कानात का? एके दिवशी त्यानं विचारलं, "कुणासाठी गातीस?" ती हसून म्हणाली, "जात्यासाठी." त्याला ते हसणंच खुपलं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा हात उचलला.

मग तिचं गाणं बंद झालं. तरी हैबतीचं जळणं थांबेना. पाणवठ्यावर ती कुणाशी बोलली, परटाला 'हो' का म्हणाली, माहेरच्या भावाला पाहून तिचा चेहरा का उजळला, रोज मारायला नवं कारण निघायचं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता ही पुरती माझी झाली. आणि प्रत्येक वेळी ती आणखी थोडी लांब गेलेली असायची. भिंतीकडे बघत बसायची, तर त्याला भिंतीचाही राग यायचा.

गावाची चूक अशी झाली, की त्या घरातून आवाज येईना हे गावानं चांगलं लक्षण मानलं. शेजारची सखू आपल्या सुनेला टोमणा मारायची, "बघ ती भिवरा. आहे की नाही घरात, कळत नाही. नाहीतर तू."

त्या वर्षी धुरपा आली. तिनं टाकी लावली, दगडाचा चिमूटभर भुगा फुंकला आणि जातं पुढं सरकवलं. हैबती दारातच उभा होता. भिवरानं मूठभर जोंधळे घातले, खुंटा धरला. पदर सरला आणि दंडावरचे काळेनिळे वळ दिसले. जातं फिरलं, पण ओवी काही आली नाही.

धुरपानं सुपाला हात लावला नाही. ती अंगणात जाऊन बसली.

हैबती म्हणाला, "धान्य घे आणि चालू लाग."

"पहिली ओवी झाल्याबिगर टाकारीण उठत नाही, दादा," धुरपा म्हणाली. "मी बसते. मला घाई नाही."

ती बसली ती बसलीच. दुपारी बायका विचारायला आल्या, कारण समजलं तशा तिच्याजवळ टेकल्या. सखूही आली, मान खाली घालून. संध्याकाळपर्यंत अंगण बायकांनी भरलं.  सगळ्या दाराकडे बघत होत्या.

हैबतीला ते सोसेना. इतके डोळे, आणि सगळे तिच्यावर. त्यानं जात्याचा खुंटा उपसला आणि भिवरावर उगारला. तोच, असं म्हणतात, खुंट्यावाचून जातं फिरायला लागलं. आणि त्यातून भिवराचा आवाज आला. तिनं गिळलेली एकेक ओवी जातं म्हणू लागलं. पाणवठ्याची ओवी, परटाची ओवी, भाऊ येऊन गेला त्या दिवसाची ओवी. हैबतीनं खुंटा टाकला, दोन्ही हातांनी जात्याची वरची पाळू दाबून धरली. हाताची सालं निघाली, पण दगड थांबला नाही. सारा गाव कुडाशी उभा राहून ऐकत होता.

तेव्हा भिवरा उठली. तिनं जात्यावर हलकेच तळवा ठेवला आणि अंगणातल्या धुरपाकडं बघून म्हणाली, "राहू दे मावशी. पुढचं मी सांगते."

जातं थांबलं. पुढचं तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, सगळ्यांसमोर. मग ती पायरी उतरली.

हैबती ओरडला नाही. बसक्या आवाजात त्यानं विचारलं, "कुणाकडं चाललीस?"

"कुणाकडं नाही," ती म्हणाली. "माझी मी चालले."

धुरपानं सूप उचललं आणि तिच्यासोबत निघाली. बायकांनी वाट दिली आणि ती दोघींच्या मागं मिटवून घेतली. हैबतीला त्या गर्दीतून जाता आलं नाही. देवळामागची खोली गावानं भिवराला दिली. तिथं ती म्हातारी होईपर्यंत राहिली, आणि तिचं गाणं नदीपलीकडं ऐकू जायचं. धुरपा मात्र पुन्हा कुणाला दिसली नाही. डोंगरात अजून छिन्नी वाजते, असं म्हणतात.

आता गिरणी आली, जाती अडगळीत गेली. पण गावात एखाद्या घरची बाई अचानक बोलेनाशी झाली, तर बायका मूठमूठ जोंधळे घेऊन त्या अंगणात जाऊन बसतात. ती आपल्या तोंडानं बोलेपर्यंत उठत नाहीत. तिला यायचं असलं तर देवळामागची ती खोली झाडून ठेवलेली असते, आणि तिनं बोलावल्याशिवाय कुणी पुरुष तिचा उंबरा ओलांडत नाही, सख्खा बापसुद्धा. घरधन्यानं दारात येऊन विचारलं, का बसलात गं, तर सगळ्या मिळून एवढंच सांगतात, "धुरपा बसलीय."