अस्वलाचे अकरा नमस्कार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक अस्वलवाली राहायची. अस्वलं नाचवणारी नव्हे बरं का, अस्वलं शिवणारी! लोकरीच्या केसाळ कापडाची, गोल पोटाची, काळ्या मण्यांच्या डोळ्यांची अस्वलं. सगळं गाव तिला अस्वलमावशी म्हणायचं. तिचं खरं नाव विचारलं असतं, तर तिलाही क्षणभर आठवावं लागलं असतं.

तसं कापडाचं अस्वल कुणीही शिवेल. पण मावशीच्या अस्वलाची गंमत वेगळी होती. त्याची मान वळायची, पाय पुढे घेऊन ते ऐटीत बसायचं आणि दोन्ही हात उचलून समोर आणले की चक्क नमस्कार करायचं. गावात तशी रीतच पडून गेली होती. नवं अस्वल घरात आलं की आधी त्याने सगळ्यांना नमस्कार करायचा, मगच पोरांनी त्याला खेळायला घ्यायचं. घरातली म्हातारी माणसं त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "शतायुषी हो, बाळा." कापडाचं अस्वल शंभर वर्षं जगून करणार काय, हे कुणी विचारत नसे.

सगळी करामत होती सांध्यांत. मान, दोन हात, दोन पाय असे पाच सांधे. प्रत्येक सांध्यात लाकडाच्या दोन गोल चकत्या. एक चकती हाताच्या आत, दुसरी धडाच्या आत आणि दोन्हींच्या मधून आरपार जाणारी, दोन टोकांची लोखंडी खीळ. धडाच्या आतल्या बाजूने पकडीने ती टोकं वळवायची आणि घट्ट करायची. फार घट्ट झाली तर हात हलत नाही, सैल राहिली तर वर नेलेला हात धपकन खाली पडतो. मावशीच्या बोटांना तो अंदाज बरोबर होता. पाचही सांधे बसले की पाठीच्या फटीतून पोटात लोकर भरायची, पाठ शिवून टाकायची आणि अस्वल तयार!

एकदा काय झालं, गावच्या जत्रेला परगावचे एक पाहुणे आले. त्यांनी अस्वलाचा हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. "वा! काय सांधा आहे! लोण्यात सुरी फिरावी तसा फिरतो," ते म्हणाले.

मावशी खुलली. ती काही बोलणार एवढ्यात शेजारच्या दुकानातला कातारी हसत म्हणाला, "फिरणारच की! चकत्या आमच्या आहेत."

हा कातारी लाकूड कातून भोवरे, लाटणी, पाळण्याचे खूर करायचा. अस्वलांच्या चकत्याही त्याच्याच. तो बोलला ते काही खोटं नव्हतं आणि वाईट मनानेही बोलला नव्हता. पण मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार माणसांत आपला पाणउतारा झाला असं तिला वाटलं. 'चकत्या ह्याच्या म्हणे! मी आहे म्हणून त्या चकत्यांना कुणी विचारतं. नाहीतर चूल पेटवायला गेल्या असत्या,' ती मनात म्हणाली. त्या दिवसापासून तिने कातार्‍याच्या दुकानाकडे बघणंसुद्धा सोडलं. अस्वल माझं, सांधे माझे, चकत्याही मीच करीन, असं तिने ठरवून टाकलं.

आठवडाभरातच गावचे हाडवैद्य तिच्या दारात आले. चेहरा गंभीर होता.

"अगं, एक अस्वल हवंय. लगेच हवंय."

"कुणासाठी, वैद्यबुवा?"

"विणकरांची सगुणा. मागच्या महिन्यात जांभळीवरून पडली ती. उजवा हात मोडला होता. मी बसवला, पट्ट्या बांधल्या, हाड छान जुळलं. पण पोर हात उचलतच नाही. भीती बसलीय तिच्या मनात. समजावून झालं, रागावून झालं, गूळ दाखवून झालं. हात पोटाशी धरून बसलेली असते. अजून पंधरा दिवस असेच गेले, तर खांदा आखडून बसेल आणि मग मलाही काही करता यायचं नाही."

"मग अस्वल काय करणार?"

"तुझं अस्वल हात उचलतं ना? त्याचं बघून ती उचलेल. पोरं आपलं ऐकत नाहीत, खेळण्याचं ऐकतात."

सात वर्षांची पोर, आणि जन्मभराचा हात! मावशी लगेच कामाला बसली. तपकिरी कापड बेतलं, तुकडे शिवले, उलटे केले. सांध्यांची वेळ आली तेव्हा मात्र ती थबकली. लाकडी चकत्या नव्हत्या. कातार्‍याचं दुकान हाकेच्या अंतरावर होतं. पण तिथे जाऊन मागायचं कसं? तिने जाड पुठ्ठा घेतला, खळ लावून त्यावर दुसरा पुठ्ठा चिकटवला आणि कात्रीने गोल चकत्या कापल्या. खीळ आवळताना पुठ्ठा किंचित दबला. मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण ती म्हणाली, "चालतंय. माझ्या हातचं आहे."

दुसर्‍या दिवशी सकाळी ती अस्वल घेऊन सगुणाकडे गेली. सगुणा ओसरीवर बसली होती, उजवा हात पोटाशी, जणू तो काचेचा होता. अस्वल पाहून तिचे डोळे चमकले. डाव्या हाताने तिने अस्वलाचा हात वर केला. हात वर राहिला. तिने तो खाली केला, पुन्हा वर केला. ओठांवर हसू आलं. दारात उभी असलेली तिची आई श्वास रोखून बघत होती.

तिसर्‍यांदा हात वर केला आणि आत काहीतरी टचकन फाटलं. खिळीचं डोकं पुठ्ठ्यातून आरपार निघालं आणि अस्वलाचा हात सुटून सगुणाच्या हातात आला. खांद्याच्या भोकातून लोकर बाहेर डोकावू लागली.

सगुणा त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्याचापण मोडला."

तिने तो खाली ठेवला, अस्वलाकडे पाठ केली आणि आपला उजवा हात आणखी घट्ट आवळून धरला.

"राहू द्या, मावशी," तिची आई म्हणाली. "तुमचा काय दोष? आमचंच नशीब."

त्या माउलीने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दोष कुणाचा हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. पोरीची भीती घालवायला ती गेली होती आणि भीती दुप्पट करून आली होती. मोडकं अस्वल पदराखाली घेऊन ती निघाली. घराच्या वळणावर आली, पण वळली नाही. तडक कातार्‍याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

कातारी एक लाटणं कातत होता. तिला बघून त्याने हात थांबवला.

"दादा, चुकलं माझं," मावशी म्हणाली. "माझा ताठा त्या पोरीच्या हातावर बेतला. मला चकत्या दे."

तिने सगळं सांगितलं, पुठ्ठ्यासकट. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघा, आलात ना शेवटी? कातार्‍याने तसं काही केलं नाही. त्याने कोपर्‍यातलं एक लाकूड काढलं, यंत्रावर चढवलं आणि दहा चकत्या कातून, कडा घासून गुळगुळीत करून तिच्या हातात ठेवल्या.

"मावशी, मीही त्या दिवशी जरा जास्तच बोललो," तो म्हणाला. "चकत्या माझ्या, चकत्या माझ्या! अहो, लाकूड मी थोडंच तयार केलं? ते झाडाचं. आणि हे कातायचं पटाशीसारखं हत्यार आहे ना, ते लोहाराचं. त्याने धार लावून दिली नाही तर मी बसेन भुशात बोटं घालून."

मावशीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. किती दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. या माणसाचे उपकार ती इतकी वर्षं घेत होती आणि एकदाही त्याला तसं म्हणाली नव्हती. आज म्हणाली. कातारी इतका ओशाळला की उगाचच भुसा झाडू लागला.

अस्वल घरी नेऊन दुरुस्त करायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं. पकड, सुई, खिळी घेऊन ती पुन्हा सगुणाच्या ओसरीवर जाऊन बसली. सगुणाने पाठ केलेलीच होती. मावशीने अस्वलाच्या पाठीची शिवण उसवली, पोटातली लोकर बाहेर काढली आणि मोठ्याने अस्वलालाच म्हणाली, "हे बघ बाबा, थोडं सहन कर. नवा सांधा बसवतेय."

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "त्याला दुखतंय का?"

"थोडं दुखत असेल. पण ह्या चकत्या पक्क्या आहेत. हात लावून बघ."

सगुणा वळली. तिने चकती चाचपून पाहिली. पुठ्ठ्याच्या सगळ्या चकत्या काढून मावशीने पाचही सांधे नव्याने बसवले आणि सगुणा प्रत्येक खीळ वळताना डोळे मोठे करून बघत राहिली. लोकर पुन्हा पोटात गेली, पाठ शिवून झाली. मावशीने अस्वलाचा हात वर केला. दहा वेळा केला, वीस वेळा केला. सांधा जागचा हलला नाही.

"बरा झाला!" सगुणा म्हणाली.

"झाला. आता ह्याने नमस्कार करायला हवा."

"कुणाला?"

एरवी मावशी ठसक्यात म्हणाली असती, 'मला! मी केलंय त्याला.' शब्द अगदी ओठांवर आले होते. पण हातात कातार्‍याची घोटीव चकती घेतल्याची आठवण अजून ताजी होती. ती म्हणाली, "पहिला नमस्कार मेंढीला."

"मेंढीला?" सगुणा खुदकन हसली.

"मग! तिने लोकर दिली नसती, तर हे अस्वल उघडंच फिरलं असतं. पण त्याला एकट्याला लाज वाटतेय. तू कर बरं त्याच्याबरोबर."

सगुणाने डावा हात छातीशी नेला. "एका हाताचा चालेल?"

"मेंढीला चालेल. ती कुठे मोजतेय? पण दुसरा मेंढपाळाला करायचाय आणि तो आहे रागीट. त्याला दोन हात लागतात."

सगुणाने अस्वलाकडे पाहिलं. अस्वल दोन्ही हात जोडून बसलं होतं. तिने उजवा हात पोटापासून जरासा सोडवला आणि डाव्या हाताने पोटापाशीच त्याला गाठलं. चिमुकला, वाकडातिकडा नमस्कार झाला. आईने तोंडावर पदर धरला.

"तिसरा सूत कातणार्‍या आजीला. चौथा कापड विणणार्‍या तुझ्या बाबांना." हात कमरेच्या वर आले. "पाचवा रंगार्‍याला, त्याने तपकिरी रंग दिला. सहावा लोहाराला, खिळी त्याच्या. सातवा त्या झाडाला, ज्याचं लाकूड आहे." हात छातीशी पोचले. सगुणाचा चेहरा जरा आंबट झाला, पण तिने हात खाली घेतले नाहीत. "आठवा कातार्‍याला. हा जरा वर कर, त्याचा मान मोठा आहे. नववा डोळ्यांचे मणी देणार्‍या मणीवाल्याला. आणि दहावा वैद्यबुवांना, त्यांच्याशिवाय हे अस्वल जन्मालाच आलं नसतं."

दहाव्याला हात हनुवटीशी होते.

"झाले सगळे," मावशी म्हणाली. "शाबास!"

"नाही झाले," सगुणा म्हणाली. "एक राहिला."

तिने अस्वलाचे हात सारखे केले. मग स्वतःचे दोन्ही हात उचलले, छातीच्या वर, हनुवटीच्या वर, थेट कपाळापर्यंत नेले आणि मावशीसमोर मान झुकवली.

जत्रेत इतकं कौतुक ऐकलेली मावशी त्या एका नमस्काराने पार विरघळली. आज तिने तो मागितला नव्हता, आज तो तिच्या ध्यानीमनीही नव्हता. तिला आशीर्वादसुद्धा धड देता येईना. तिने सगुणाला जवळ ओढलं आणि दोघी हसत रडत बसल्या. मध्ये अस्वल चेंगरलं, पण सांधे पक्के होते.

वैद्यबुवांनी ते ऐकलं आणि औषध म्हणून रोज अकरा नमस्कार लिहून दिले. सगुणा थोडीच अकरावर थांबतेय! ती रोज नवं कुणीतरी शोधून काढायची. पकड करणारा, सुई विकणारी, विहीर, गूळ, पडताना तिला अलगद झेलायचा निदान प्रयत्न करणारं गवत. पंधरा दिवसांत तिचा हात डोक्याच्याही वर जाऊ लागला आणि खांदा आखडायचा तो आखडलाच नाही.

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: आपलं म्हणून जे काम आपण मिरवतो, त्यात न दिसणारे कितीतरी हात असतात, त्या सगळ्यांची नावं ज्याला आठवतात, त्याची मान झुकते, पण ती शरमेने कधी खाली जात नाही.