एका घराचा एक गठ्ठा

“शिकलेली सून आणली ती वैजूला चार अक्षरं सांगेल म्हणून. पण ही बाई दिवसभरात चार शब्द बोलली तरी मी देवाला साखर ठेवीन. आपण अंगठा उठवणारी माणसं, आपल्याशी काय बोलणार ती?”

गिरजाबाई हे शेजारच्या ठकूबाईला सांगत होत्या. वाळत घातलेल्या चादरींच्या अलीकडे त्या दोघी होत्या. पलीकडे, ओल्या चादरीचं टोक हातात धरून, ती शिकलेली सून उभी होती.

नदीकाठच्या एका गावात हे परटाचं घर होतं. गिरजाबाई कपडे धुवायच्या आणि लावायच्या. त्यांचे यजमान भागुजी इस्त्री करायचे आणि हातगाडीवरून गठ्ठे घरोघर पोचवायचे. धाकटी लेक वैजयंता, घरातली वैजू, सातवीत होती. थोरल्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि त्याची बायको कुमुद बारावी शिकलेली होती.

कुमुद गर्विष्ठ नव्हती. तिला बोलायचं असे, पण तिचे शब्द तयार होईपर्यंत इतरांचा विषय बदललेला असे. शिवाय या घरात प्रत्येकाला काहीतरी येत होतं. आपल्याला इथलं काहीच येत नाही, एवढंच तिला येत होतं.

चादरीआडून ऐकलेलं तिच्या मनाला लागलं. पण त्यातलं एक खरं होतं. वैजूला मदत हवी होती.

गावातली शाळा सातवीला संपत होती. पुढे तालुक्याला मुलींची निवासी शाळा होती. तिथे जागा थोड्या. परीक्षेत गणितं असत आणि एक निबंध असे. गणितांची वैजूला भीती नव्हती. निबंध मात्र तिला बुडवणार होता. आणि जागा मिळाली नाही, तर शाळा कायमची सुटणार होती. भागुजींनी तसं सांगूनच टाकलं होतं.

त्या दुपारी कुमुदनं वैजूची वही मागून घेतली. निबंध होता ‘माझं गाव’.

‘आमच्या गावात नदी आहे. गावात जत्रा भरते. नदीला पूर येतो. शाळेचं छप्पर गळतं. जत्रेत जिलेबी मिळते. नदीत मासे आहेत. माझी मैत्रीण शाळेत पहिली येते. पुरात आमची चूल वाहून गेली.’

खाली शाळेच्या बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं : ‘सगळं आहे, पण काहीच सापडत नाही.’

कुमुदनं विचार केला. शाळेत असताना ती स्वतः निबंध पाठ करून लिहीत असे, आणि तिला गुणही बरे पडत. म्हणून तिनं वैजूला तेच सांगितलं, जे तिला कुणीतरी सांगितलं होतं. “सुरुवातीला दोन सुविचार घाल. मध्ये एक घाल. शेवटी एक.”

वैजूनं आज्ञा पाळली. वही परत आली. लाल शाईत होतं : ‘सुविचार छान. गाव कुठे आहे?’

“वहिनी, माझ्यानं नाही व्हायचं,” वैजू म्हणाली. वही तिनं इस्त्रीच्या टेबलाखाली सारली आणि नदीवरून कपडे आणायला निघून गेली. परीक्षेला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंच्या कमरेत उसण भरली. वाळलेल्या कपड्यांचा ढीग ओसरीवर पडला होता. कुमुदनं पदर खोचला आणि न विचारता कपडे लावायला घेतले. सगळे सदरे एकावर एक रचले. सगळ्या साड्या एकीकडे. सगळे टॉवेल एकीकडे. चादरींची वेगळी थप्पी. कडा अशा जुळवल्या की बघत राहावं.

गिरजाबाई कमरेवर हात ठेवून आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि हसू लागल्या. हसता हसता कमरेतून कळ आली, तरी त्यांचं हसू थांबेना.

“दिसायला देखणं झालंय गं. पण आता हे सगळे सदरे कुणाच्या दारात टाकायचे?”

कुमुद ओशाळली. गिरजाबाई खाली बसल्या. त्यांनी एक सदरा उचलला आणि त्याचा आतला कोपरा उलटून दाखवला. तिथे बिब्ब्याच्या काळ्या रसानं दोन ठिपके काढलेले होते. प्रत्येक घराची अशी एक खूण होती. कुणाची फुली, कुणाची तिरकी रेघ. कितीही धुतलं तरी ती जात नसे. गिरजाबाईंना एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण चाळीस घरांतला एक रुमालही कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

“आधी त्या घराची चादर पसरायची,” त्या सांगू लागल्या. “चादर बघितली की कळलं, गठ्ठा कुणाचा. मग त्या घराचंच आत घालायचं. जड खाली, हलकं वर. मग गाठ.”

“आणि खूण नसलेला कपडा निघाला तर?” कुमुदनं विचारलं.

“तो बाजूला. आवडला म्हणून कुणाच्याही गठ्ठ्यात घालायचा नसतो.”

“आणि गठ्ठे कसे रचायचे?”

“वाटेनं. पहिलं घर येईल त्याचा वर, शेवटचं घर त्याचा तळाला. नाहीतर तुझे सासरे प्रत्येक दारात अख्खी गाडी उपसत बसतील.”

कुमुदच्या हातात तो दोन ठिपक्यांचा सदरा तसाच राहिला. मग ती उठली, आत गेली आणि कात्री व वैजूची वही घेऊन बाहेर आली.

“अगं, वही कशाला कापतेस?” गिरजाबाई ओरडल्या.

“गठ्ठे बांधायचेत, आत्याबाई. तुम्ही पण बसा. तुमच्याशिवाय नाही जमायचं.”

सुनेनं आपल्याशी एका दमात एवढं बोलावं, याचंच गिरजाबाईंना इतकं नवल वाटलं की त्या बसल्या.

कुमुदनं निबंधातलं एकेक वाक्य कापून वेगळं केलं. वैजूला हाक मारली. इस्त्रीचं टेबल मोकळं केलं. वैजू एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागली आणि तिची आई घर सांगू लागली.

“नदीला पूर येतो.”

“नदीच्या घरात.”

“शाळेचं छप्पर गळतं.”

“शाळेच्या.”

“पुरात आमची चूल वाहून गेली.”

“नदीच्या. पण चुलीला पुराच्या शेजारीच ठेव. मध्ये मासे नकोत.”

“जत्रेत जिलेबी मिळते.”

“जत्रेच्या,” गिरजाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. “एवढंच? जत्रेच्या घरात एक जिलेबी? एका रुमालाचा गठ्ठा कुणी बांधतं का? पाळण्यात बसून रडली होतीस, ते कुठंय?”

“आई, ते पण लिहायचं?”

“मग काय माझं लिहितेस? रडली तू होतीस.”

वैजूनं ते लिहिलं, आणि हसत हसत आणखी तीन वाक्यं लिहिली. मग चार सुविचारांच्या चिठ्ठ्या आल्या. गिरजाबाईंनी चारही ऐकून घेतल्या.

“बोललंय चांगलं. पण ह्यावर कुणाची खूण दिसत नाही. बाजूला.”

कुमुदला त्यातला एक फार आवडत होता. शाळेत त्यानंच तिला बक्षीस मिळालं होतं. तिनं तो उचलला आणि निमूटपणे बाजूला ठेवला.

आता चादरी राहिल्या होत्या. “प्रत्येक गठ्ठ्याला एक वाक्य हवं,” कुमुद म्हणाली, “जे वाचलं की आत काय आहे ते कळेल.” वैजूनं पेन्सिल चावली. मग नदीच्या गठ्ठ्यावर तिनं लिहिलं : ‘आमच्या गावाचं निम्मं काम नदी करते आणि कधी कधी निम्मं बिघडवतेही.’

“आणि गाठ?” गिरजाबाईंनी विचारलं.

वैजूनं शेवटी लिहिलं : ‘पूर ओसरला की गाव आधी नदीला शिव्या देतं आणि मग तिच्याच पाण्यानं चिखल धुतं.’

गिरजाबाईंनी ते वैजूकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी पदरानं डोळे टिपले. ती वाहून गेलेली चूल त्यांनीच आपल्या हातांनी मातीची घातली होती.

परीक्षेपर्यंत वैजू रोज एक निबंध लिहायची. कात्री दोन दिवसांनीच लागेनाशी झाली.

परीक्षेत विषय आला ‘पाणी’. सगळ्या मुली लगेच लिहू लागल्या. वैजू मात्र दहा मिनिटं डोळे मिटून बसली. देखरेखीच्या बाई जवळ आल्या. “काही येत नाही का गं?” त्यांनी विचारलं. वैजू म्हणाली, “येतंय बाई. कपडे लावतेय.” बाईंना काही कळलं नाही. पण मग वैजूनं पेन उचललं ते शेवटच्या घंटेपर्यंत खाली ठेवलं नाही.

महिन्याभरानं गावातल्या शाळेच्या बाई स्वतः परटाच्या दारात आल्या. वैजूला जागा मिळाली होती. तपासणाऱ्यांनी तिच्या निबंधावर लिहिलं होतं : ‘जे शोधावं ते जागच्या जागी सापडतं.’ भागुजींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि खांद्यावरच्या पंच्यानं उगाचच तोंड पुसलं. आजूबाजूची माणसं जमली. ठकूबाई सगळ्यांत पुढे होती.

बाई कुमुदकडे वळल्या. “वैजयंता म्हणत होती, वहिनीनं अभ्यास घेतला. शाबास!”

“शिकलेली सून ती शिकलेलीच हो!” ठकूबाई म्हणाली.

“ते तर आहेच,” गिरजाबाई म्हणाल्या. “आम्हाला त्यातलं काय कळतंय.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरंच तसं समजत होत्या. पाहुण्यांना चहा टाकायला त्या आत निघाल्या.

कुमुद गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तिच्या गप्प राहण्याची आता सगळ्यांना सवय झाली होती. मान खाली घालून हसली असती, तर सगळं कौतुक तिच्याच पदरात पडलं असतं. तिचे शब्द नेहमीसारखे उशिरा तयार होत होते, आणि सासू उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

“आत्याबाई, थांबा!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सगळे वळून बघू लागले.

“बाई, मी वैजूला सुविचार घालायला शिकवलं होतं. ते तुम्हीच तपासलंत. परिच्छेद कसा बांधायचा ते मला बारा वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. ते आत्याबाईंनी दाखवलं, ह्या ओसरीवर, दुखऱ्या कमरेनं. निबंध वैजूनं लिहिला, पण रीत ह्यांची आहे. मी फक्त कात्री आणली.” मग ती सासूकडे वळली आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, “आणि आत्याबाई, चादरी पातळ असतात, पलीकडचं ऐकू येतं. मोजून बघा, चार शब्दांच्या वर झालेत. देवाला साखर ठेवायची राहिली आहे.”

तात्पर्य: प्रत्येक परिच्छेदाचं घर एकच असावं, आणि त्या घराचं असेल तेवढंच त्यात नीट लावून बांधावं, आणि ही रीत ज्यांच्या हातांनी आपल्याला दिली, त्यांचं नाव चारचौघांत मोठ्यानं घ्यावं.