कमंडलूभर पाणी आणि भवानीप्रसादची तख्तपोशी

शके अठराशे एकोणतीसच्या चैत्रात गणोबा महाराज केळशेत बंदरात मुक्कामाला होते. खाडीकाठच्या भैरीच्या देवळाची पडवी ते स्वतः झाडत आणि येईल त्याच्या हातावर मूठभर चुरमुरे ठेवत.

धाकू मेस्त्रीचा त्यांच्यावर फार जीव. गलबतं दुरुस्त करावीत आणि खिळ्यागणिक 'हरी' म्हणावं, एवढंच त्याला ठाऊक. त्याआधीच्या माघात भागोजी नाखव्याच्या 'भवानीप्रसाद' या गलबताची तख्तपोशी बदलायचं काम त्याच्याकडे आलं होतं. तख्तपोशी म्हणजे खलाशी ज्यांवर चालतात त्या वरच्या सागवानी फळ्या. चाळीस वर्षांत अनवाणी पायांनी त्या इतक्या झिजल्या होत्या, की खिळ्यांची डोकी वर आली होती. धाकूने एकेक फळी उचकटली, खालचे बहाल, म्हणजे फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या तुळया, तासून साफ केले. नवं सागवान पाहिलं मात्र, आणि त्याचा हात थांबला.

"नाखवा, लाकूड ओलं आहे. उन्हात आक्रसेल."

"तू सुतार की ज्योतिषी? मार खिळे!"

धाकूने मारले. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला. पण चैत्राच्या उन्हाने फळ्या आक्रसल्या, कापूस गळून पडला, बोट जाईल एवढ्या फटी पडल्या.

भागोजी भर बंदरात ओरडला, "बघा रे, हरिनामाच्या फटी!"

नव्या तख्तपोशीवर पाणी ओतायचं आणि मालकाने खाली बसून थेंब मोजायचे, ही तिथली रीत. एकवीस थेंबांपर्यंत माफी.

"उद्या पाणी ओतायचं," भागोजी म्हणाला. "बाविसावा थेंब पडला, की तुझी तासणी खाडीत. पुन्हा या बंदरात लाकडाला हात लावायचा नाही."

ती तासणी धाकूच्या आज्याची. दुसरी विद्या त्याला येत नव्हती. तो तडक पडवीत गेला.

महाराज म्हणाले, "लाकूड ओलं आहे, हे तू सांगितलंस ना?"

"सांगितलं, महाराज. पण खिळे मीच मारले."

महाराज हसले. "खरं बोललास. उद्या मी तिथेच आंघोळीला येतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भागोजी गलबताच्या पोटात उतरला आणि वरचं झाकण लावून घेतलं. "ओता! मोजतो हरीचे थेंब!"

महाराज फक्त एक कमंडलू घेऊन आले. "एवढ्यात तर मांजरही भिजायचं नाही!" लोक हसले. महाराजांनी तापलेल्या फळ्यांवर बसकण मारली आणि कमंडलू डोक्यावर उपडा केला.

खालून आवाज आला, "एक... दोन... पाच..."

धाकूने डोळे मिटले. पाणी पुढच्या नाळीपासून मागच्या वऱ्यापर्यंत पसरत गेलं. धार थांबेचना! लोकांचं हसू विरलं.

"अठरा... एकोणीस... वीस..."

मग काहीच नाही. धाकू वाट पाहत राहिला.

"अरे, उजेड कुठे गेला?" खालून घाबरा आवाज आला. "वर काय झाकलंत?"

झाकलं कुणीच नव्हतं. लाकूड पाणी प्यायलं होतं, फुगलं होतं. डोक्यावरच्या उजेडाच्या रेघा एकामागून एक मिटल्या होत्या.

झाकण उघडून भागोजी चाचपडत वर आला, तेव्हा त्याचं पागोटं कोरडं होतं. त्याने महाराजांचे पाय धरले.

"माझे कशाला?" महाराज म्हणाले. "तुला वेळेवर सांगितलं कोणी?"

भागोजीने पागोटं काढलं आणि साऱ्या बंदरादेखत धाकूपुढे वाकला.

'भवानीप्रसाद' पुढे सतरा वर्षं मीठ वाहत होतं. महाराज वैशाखात घाटावर गेले आणि तिकडेच समाधिस्थ झाले. भागोजी मरेपर्यंत पडवी झाडत होता. धाकूच्या अंगणात कुणी सागवान आणून टाकलं, की तो आधी फळी नाकाला लावी. ओली असली तर मालक कितीही मोठा असो, त्याला चुरमुरे देऊन परत पाठवी.