चिकटपट्टीखालचं रॉकेट

टेबलावरच्या वस्तू एकमेकींशी तावातावानं भांडायच्या, त्या काळची ही गोष्ट. हेमांगीताईंनी प्लास्टिकचे सुटे भाग जोडून हातभर उंचीचं एक रॉकेट केलं आणि त्याला पांढराशुभ्र रंग दिला. रॉकेटची ऐट काय विचारता! रंगाच्या बाटलीत वाकून वाकून ते स्वतःलाच बघत बसायचं.

मग ताईंनी त्याच्या अंगावर जागोजाग चिकटपट्टी लावली आणि वरून काळ्या रंगाचा फवारा मारला.

"अगं, सोड मला!" रॉकेट पट्टीवर खेकसलं. "माझ्या रूपाचं पार वाटोळं केलंस!"

"रंग वाळेपर्यंत दम धर," पट्टी म्हणाली. "आणि हलू नकोस."

पण रॉकेटला कुठला धीर! पट्टीखालीही सगळं काळं झालं असेल, या धास्तीनं त्यानं अंग आकसून घेतलं आणि पट्टीची एक कड उचकटून आत डोकावून पाहिलंच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी हलक्या हातानं पट्टी सोलली. रॉकेटनं भीत भीत डोळे उघडले, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. काळे-पांढरे चौकोन, कडा अगदी रेघ मारल्यासारख्या! फक्त उचकटलेल्या जागी तीळभर काळा डाग होता.

"हा कसा राहिला?" त्यानं विचारलं.

"तिथं तू मला राहू दिलं नाहीस," काळीकुट्ट झालेली पट्टी कचऱ्याच्या टोपलीतून म्हणाली.

पुढं टेबलावर दुसरं रॉकेट आलं आणि पट्टीखाली कुरकुरायला लागलं. आता फळीवर ठेवलेल्या पहिल्या रॉकेटनं आपला डाग तेवढा त्याच्याकडे वळवला.