शेंदराखालचं गाढव

डोंगरापलीकडच्या रानात विक्राळराव नावाचा तरस राज्य करत होता. निवडून आला होता बरं का, अगदी रीतसर! समोर उभा राहिलेला ससा मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून सापडला नव्हता, एवढंच.

रानाच्या मधोमध गायरान होतं आणि गायरानाच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड. त्यावर मुळात काय कोरलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण जो राजा येई तो आपला थर चढवून जाई. रानडुकराच्या राज्यात दगडाला सुळे फुटले, गिधाडाच्या राज्यात चोच आली. प्रजेला काय, हात जोडायचे तर जोडले.

विक्राळरावाने दगडाला चांदीचे डोळे बसवले आणि जाहीर केलं, "हे आमचे पणजोबा. सिंह होते."

"मग तू तरस कसा रे निपजलास?" बयजाक्का म्हैस म्हणाली. तिच्या लेकरानातवंडांची पोटं त्याच गायरानावर भरत, आणि तिच्या जिभेला वेसण घालणारा अजून जन्माला यायचा होता.

"उन्हाने रापलो, आक्का," राजा नम्रपणे म्हणाला. "तर मंडळी, पणजोबा जिथे उभे, ती जमीन पणतवाची. हो की नाही?"

"होऽऽ!" रान गरजलं.

"तुमच्या 'हो'ला लागली आग! जमीन आमच्या पोटाची आहे, मेल्यांनो!" आक्का कडाडली.

वारशाचा सोहळा ठरला. प्रत्येकाने शेंदराचा एक हात द्यावा असं फर्मान निघालं. हत्तींनी सोंडेने फवारला, माकडांनी बोटांनी चोपडला, मुंग्यांनी रांगेने आणून चिकटवला. दगड फुगून रांजणाएवढा झाला. "रान कुणाचं? पणजोबांचं!" अशी घोषणा दणाणली, आणि त्या दणक्याने शेंदराचं अख्खं कवच धाडकन निखळून पडलं.

आत चंद्र होता, सूर्य होता आणि त्यांच्याखाली गाढव.

आता बोंबला! असला दगड रानातलं शेंबडं पोरही ओळखतं. जुने राजे दान दिलेल्या जमिनीवर तो रोवत. चंद्रसूर्य असेतो दान टिको, आणि ती जमीन जो गिळेल त्याच्या घराण्यात गाढव शिरो, असा शाप.

बयजाक्का हसता हसता चिखलात बसली. "अरे, पणजोबांचे कान तरी बघ! पाया पड की!"

प्रधान कोल्हा राजाच्या कानाशी लागला, मग उंचावर चढून ओरडला, "गर्दभवंशाचा विजय असो!"

"विजय असो!" सगळे नाचायलाच लागले. हत्तींना मोठे कान होतेच, सशांनी ताठ केले, सापांनी भाड्याने आणले. गर्दीत एका मोराचा पिसारा चिरडला गेला, तर त्याने तोही गर्दभचरणी वाहिला.

"गाढव आहेस ना? मग गवत खाऊन दाखव. इथे, सगळ्यांसमोर," आक्का म्हणाली. तिला वाटलं, आता फसला. हाडं फोडणारा तरस गवत काय खाणार?

राजाने डोळे मिटले, एक घास तोडला आणि चावू लागला. चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"राजा रडतोय गं बाई! आपल्यासाठी गवत खातोय!" हरिणी हुंदके देऊ लागल्या. त्यातल्या एकीचं कुंकू राजाने सकाळीच पुसलं होतं. ती सगळ्यांत मोठ्याने रडत होती.

घास राजाने प्रधानाच्या झुपकेदार शेपटीत थुंकला. बयजाक्काने ते पाहिलं, बोंबही मारली, पण ढोल फार जोरात वाजत होते.

दिवस मावळायच्या आत गायरानाला काटेरी कुंपण पडलं. गवत आता राजभोग झालं. म्हशींवर अन्याय नको म्हणून दर सोमवारी कुंपणाबाहेरून गवताचं मुखदर्शन ठेवलंय.

बयजाक्का त्या रांगेत उभी राहत नाही, ती कुंपणाला शिंगं घासत असते. परवा तिचा थोरला रेडा दर्शन घेऊन परतला. पोट खपाटीला गेलेलं, पण चेहऱ्यावर तेज.

"आई, तुझी शपथ," तो म्हणाला, "मागच्या राजाच्या वेळी गवत इतकं हिरवं नव्हतं."