शेवटच्या पानाची परवानगी

आडखोऱ्याच्या झऱ्यावरचे हे जांभळाचे झाड. बुंध्याच्या या खाचेत हात घालून बघा, मनगटापर्यंत आत जातो. ही ढोली नाही आणि किडीचे कामही नाही. कोयत्याचे घाव आहेत ते, आणि ते झाडावर घालायचे नव्हतेच मुळी.

फार मागे, म्हणे, या गावात कागदाचा कपटाही नव्हता. वरच्या आणि खालच्या आळीने मिळून वर्षभर एका मठाची गुरे राखली, तेव्हा कुठे एक पोथी हाती आली. सुट्या पानांची, दोऱ्याने बांधलेली. ज्येष्ठात सगळे या झाडाखाली जमत. पडलेली जांभळे वेचायची, झऱ्याचे पाणी प्यायचे आणि वरच्या आळीच्या रखमाजी शेलाराने वाचायचे. रोज एकच पान. गोष्ट सगळ्यांनी एकदमच ऐकायची, एवढाच नियम. जांभळ्या जिभांनी तिथे बसलेली ती माणसे खरोखर सुखी होती, असे सांगतात.

रखमाजीची बहीण सगुणा खालच्या आळीत भैरूला दिलेली. तिलाही भावाबरोबर मठात अक्षरे आली होती. शेवटच्या पानाच्या दिवशी ती नवऱ्याशेजारी बसली होती. रखमाजीने पहिली ओळ वाचली न वाचली, तोच वरच्या आळीचा म्हातारा कोंडिबा डोळे पुसू लागला. भैरू ताडकन उठला.

"ह्याला म्होरलं कसं ठावं?"

रखमाजीने लपवले नाही. "दाजी, आई चालली हुती. शेवट ऐकल्याबिगर जीव सोडंना. म्हनून वाचलं. कोंडिबा उंबऱ्यात बसला हुता."

"आन आमी काय मेलो हुतो?"

आईला शेवट ऐकायला मिळाला, याचे सगुणाला बरेच वाटले होते. तेच सांगायला तिने तोंड उघडले, पण माणसे रानातून थेट आलेली, कमरेला कोयते होतेच. भैरूचे दोन घाव रखमाजीने चुकवले, ते बुंध्यात बसले. तिसरा मानेवर बसला. मग वरची आळी भैरूवर तुटून पडली. त्याला याच मुळांवर पाडून तोडला. कोंडिबाला खालच्यांनी झऱ्यात दाबून धरला, तो हलायचा थांबेपर्यंत. कुणाची बोटे गेली, कुणाचा डोळा गेला. एका गोष्टीपायी, जिचा शेवट गावाने अजून ऐकलाही नव्हता! दिवस मावळायच्या आत पाच मुडदे पडले आणि झऱ्याचे पाणी तीन दिवस कुणी प्याले नाही.

उरलेले पोथी जाळायला निघाले. नवरा आणि भाऊ दोघांच्या रक्ताने भिजलेल्या सगुणाने दोरा तोडला आणि घरटी एकेक पान वाटले. "आता कुनालाच एकट्यानं वाचता यायचं न्हाई," ती म्हणाली. शेवटचे पान तिने स्वतःच्या, म्हणजे पहिला कोयता उचलणाऱ्याच्या, घरात ठेवले.

पुढल्या ज्येष्ठात माणसे आली, लांब लांब बसली. सगुणाने एकेकाचे पान घेऊन वाचले. शेवटचे पान हाती आले तेव्हा ती रखमाजीच्या बायकोकडे, चिमाकडे वळली.

"वहिनी, वाचू का?"

"नगं."

सगुणाने पान फडक्यात बांधले. शेवट माहीत असलेले कुणीच आता जिवंत नव्हते. अक्षर येत होते, पान घरात होते, तरी तिने ते फडके सोडले नाही. सतरा वर्षे ती विचारत राहिली आणि चिमा नको म्हणत राहिली. गोष्ट तशीच अर्धी. अठराव्या वर्षी सगुणाची नजर गेलेली. तिने सुनेला अक्षरे शिकवून ठेवली होती. तरी विचारले सगुणानेच.

चिमाने सुनेच्या हातातल्या फडक्याकडे पाहिले. मग म्हणाली, "वाचू दे तिला. माज्या सासूनं काय ऐकलं, ते मलाबी ऐकू दे."

सगुणा तिथेच ओक्साबोक्शी रडली, असे सांगतात.

आजही ज्येष्ठात इथे वाचन होते. गोष्ट पोराटोरांनाही पाठ आहे. तरी शेवटच्या पानाआधी भैरूच्या घरची सून शेलारांकडे वळून विचारते. कधी कधी उत्तर यायला फार वेळ लागतो. तोवर कुणी जांभूळ तोंडात टाकत नाही, कुणी शेलारांना घाईही करत नाही. नाही म्हणायचा हक्क अजून त्यांचाच आहे.