शेवटचे दोन सेकंद

“पण सर, घड्याळ चुकले, तर त्यात पंचाचा काय दोष?”

उन्मेषने हे तिसऱ्यांदा विचारले. खानझोडे सर मैदानाच्या कडेला बाकावर बसून सावकाश चहा पीत होते. त्यांची सारी हयात बास्केटबॉलचे पंच म्हणून गेली होती. उन्मेषच्या गळ्यात पहिली शिट्टी त्यांनीच घातली होती. आता उन्मेष व्यावसायिक लीगचा पंच होता, आणि ते कोणाला विसरू देत नव्हता.

रविवारच्या सामन्याची हकिकत त्याने सांगितली. शेवटचे दोन सेकंद उरले असताना बाजूच्या रेषेवरून चेंडू आत आला. खेळाडूने तो झेलला, टप्पे देत पुढे नेला, निवांत नेम धरून फेकला. घड्याळ मात्र दोनावरच अडून बसलेले. त्या एका बास्केटने सामना फिरला आणि हरलेल्या संघाने आकाशपाताळ एक केले. कॅमेरे सगळे चेंडूच्या मागे. पंच एकाही चित्रीकरणात नव्हता.

मेजावर घड्याळ सांभाळणाऱ्या गोतमारेबाईंना कायमचे वगळावे, अशी मागणी उन्मेषनेच केली होती. उद्या समितीपुढे त्याचाच शब्द ग्राह्य धरला जाणार होता.

“बाई काय म्हणतात?”

“काय म्हणणार? म्हणे, मी तुमच्या हाताकडे पाहत होते.”

“मग बरोबर आहे त्यांचे.”

नियम सरांनीच त्याला शिकवला होता. चेंडू आत येईपर्यंत पंचाने हात वर धरायचा. खेळाडूचा स्पर्श होताच तो झटकन खाली आणायचा. हात खाली आला, की घड्याळ सुरू.

“हात मी आणला होता खाली,” उन्मेष म्हणाला. “झोपेतून उठवलेत, तरी मी त्यात चुकणार नाही.”

“असेल… दाखव बरे.”

पलीकडे मुलींचा सराव चालला होता. सरांनी त्यांना तसाच डाव मांडायला सांगितले आणि खिशातून आपले जुने स्टॉपवॉच काढले. उन्मेष रेषेपाशी ताठ उभा राहिला. हात वर गेला.

चेंडू आत आला. एका ठेंगण्या मुलीने तो झेलला, दोघींना हुलकावणी दिली आणि लांबूनच फेकला. चेंडू रिंगच्या कडेवर फिरू लागला… फिरत राहिला… आणि अलगद आत पडला.

“वा,” उन्मेषच्या तोंडून निघून गेले.

त्याने वळून पाहिले. सरांचा अंगठा बटणावर तसाच टेकलेला होता. काटा जागचा हललेला नव्हता.

“सर, घड्याळ सुरू केले नाहीत?”

“मी तुझ्या हाताकडे पाहत होतो.”

उन्मेषने मान वर केली. पंजा अजून आभाळाकडेच होता.

…

ती ठेंगणी मुलगी खुदकन हसली. मग उन्मेषलाही हसू फुटले, रविवारनंतर पहिल्यांदाच. छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखे त्याला वाटले.

“उद्या समितीपुढे काय सांगू, सर?”

सरांनी उरलेला चहा संपवला. कप बाकावर ठेवला.

“आधी हात खाली घे.”